डीनस्टन सिंगल मॉल्ट चाखताना आणि ताडून बघताना: कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात आमचा एक छोटा गट आहे. अधूनमधून कुणाच्या तरी घरी जमायचं, तीन-चार व्हिस्क्या शेजारी शेजारी मांडायच्या, थोड्या थोड्या चाखायच्या आणि त्यांच्यावर बोलायचं, एवढाच कार्यक्रम. नव्याने येणाऱ्या माणसाला आम्ही बहुधा डीनस्टनपासून सुरुवात करायला लावतो आणि मग जवळपास तेच प्रश्न पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत.

डीनस्टन? हे नाव तर कधी ऐकलं नाही.

बहुतेकांनी ऐकलेलं नसतं. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंग शहराच्या वायव्येला डून नावाचं गाव आहे, त्याला लागूनच टीथ नदीच्या काठावर ही डिस्टिलरी आहे. व्हिस्कीच्या नकाशावर ती हायलंड विभागात मोडते. नाव लोकांपर्यंत पोचलं नाही, कारण तिथला बराचसा माल वर्षानुवर्षं ब्लेंडमध्ये, म्हणजे अनेक डिस्टिलऱ्यांचा माल मिसळून केलेल्या व्हिस्कीत, जात राहिला. स्कॉटिश लीडर हा ब्लेंड तुम्ही कुठे पाहिला असेल, तर त्यात डीनस्टन असते. स्वतःच्या नावाने बाटली विकण्यावर मालकांनी भर दिला तो बराच उशिरा. बुनाहाव्हन आणि टोबरमोरी याही त्याच घरातल्या डिस्टिलऱ्या, आणि जाणकारांच्या तोंडी नावं त्यांचीच जास्त असतात.

तिथे आधी कापड गिरणी होती म्हणतात, खरं का?

खरं आहे, आणि कोल्हापूरकरांना ही गोष्ट सांगायला मला मनापासून आवडतं. १७८५ मध्ये टीथ नदीच्या पाण्याच्या जोरावर चालणारी सूतगिरणी तिथे उभी राहिली. तिच्या भल्यामोठ्या पाणचक्कीचं नाव हर्क्युलिस. गिरणीभोवती कामगारांचं गाव वसलं. एकोणिसाव्या शतकात गिरणीचे व्यवस्थापक जेम्स स्मिथ यांनी शेतातल्या पाण्याचा निचरा करायची पद्धत आणि जमिनीच्या खालच्या थरापर्यंत जाणारा नांगर काढला, त्यामुळे डीनस्टनचं नाव व्हिस्कीच्या कितीतरी आधी शेतीत गाजलं होतं.

१९६५ मध्ये गिरणी बंद पडली. पण पाणी होतं, दगडी इमारत भक्कम होती, आणि गावात कामाची गरज असलेली माणसं होती. पुढच्या काही वर्षांत त्याच इमारतीत तांब्याचे पॉट स्टिल, म्हणजे आंबवण तापवून त्यातलं अल्कोहोल वेगळं काढायची मोठी भांडी, बसले. विणकामाचा जुना कमानदार शेड पिंपं ठेवायचं गोदाम झाला. सुताला जी सम आणि दमट हवा लागायची, तीच पिंपांनाही मानवली. मध्ये १९८२ मध्ये डिस्टिलरीही बंद पडली होती. १९९० मध्ये बर्न स्टुअर्ट कंपनीने ती विकत घेतली आणि काम पुन्हा सुरू झालं. नदी आजही टर्बाइन फिरवते. डिस्टिलरीला लागून उरेल एवढी वीज तिथे तयार होते आणि उरलेली ग्रिडला जाते.

आपल्याकडे राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये शाहू मिलचा पाया घातला. तिच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी पिढी अजून शहरात आहे. २००३ मध्ये मिल बंद झाली. त्या आवारावरून जाताना मला डीनस्टनचा तो कमानदार शेड हटकून आठवतो. तिथल्या कामगारांच्या गावाला दुसरा धंदा वेळेत मिळाला, आपल्याकडे तो आला नाही, याची हळहळ वाटते.

सिंगल मॉल्ट आणि आपली नेहमीची व्हिस्की यांत फरक काय?

तीन गोष्टी: एकाच डिस्टिलरीत बनलेली, फक्त मोड आणून वाळवलेल्या बार्लीची, आणि पॉट स्टिलमध्ये एकेक घाणा घेऊन काढलेली. स्कॉच म्हणवून घ्यायचं तर ती स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरावी लागते, पिंप ७०० लिटरपेक्षा मोठं चालत नाही, आणि बाटलीत अल्कोहोल ४० टक्क्यांच्या खाली जाऊ शकत नाही. हे २००९ च्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे.

आपल्या जिल्ह्यात पुढचं समजावणं सोपं जातं, कारण साखर कारखान्याच्या डिस्टिलरीचा वास प्रत्येकाने घेतलेला असतो. तिथे मळी आंबवतात आणि उंच कॉलममधून सलग चढवत नेऊन ९६ टक्क्यांच्या आसपासचं अल्कोहोल काढतात. मळीचा वास आणि चव मागे उरू नये, हाच त्यामागचा हेतू. भारतातल्या बहुतेक स्वस्त व्हिस्क्यांचा पाया हे अल्कोहोल असतं, त्यात थोडं मॉल्ट मिसळलेलं असतं. युरोपात मळीच्या अल्कोहोलला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. पॉट स्टिलमध्ये दोनदा ऊर्ध्वपातन करून ७० टक्क्यांच्या आसपास थांबतात, त्यामुळे बार्लीचा आणि आंबवणाचा वास बरोबर येतो. त्याच वासासाठी आपण जादा पैसे मोजतो.

एकाच डिस्टिलरीच्या तीन बाटल्या कशाला? तीन वेगळ्या घेतल्या तर जास्त कळेल की!

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तीन वेगवेगळ्या डिस्टिलऱ्यांच्या बाटल्या मांडल्या तर फरक लगेच जाणवतो, पण तो कशामुळे आला ते सांगता येत नाही. बार्ली वेगळी, आंबवायचा वेळ वेगळा, स्टिलचा आकार वेगळा, पिंप वेगळं, वय वेगळं. सगळंच बदललं की कशाचं श्रेय कशाला द्यायचं? एकाच डिस्टिलरीच्या बाटल्या घेतल्या की बहुतेक गोष्टी जागच्या जागी राहतात. आंबवण तेच, स्टिल त्याच. बदलतं ते पिंप आणि वय. मग तिन्ही ग्लासांत जे सारखं लागतं ते डिस्टिलरीचं, आणि जे वेगळं लागतं ते लाकडाचं आणि काळाचं. ही विभागणी एकदा नाकाला कळली की पुढे कुठलीही व्हिस्की हातात आली तरी तुम्ही तेच दोन प्रश्न विचारता: हे कुठून आलं, डिस्टिलरीतून की पिंपातून?

यासाठी कमी गाजलेली डिस्टिलरी बरी, असं माझं ठाम मत आहे. मोठ्या नावाची बाटली समोर आली की माणूस आधीच ऐकलेलं चाखायला लागतो. डीनस्टनबद्दल कुणी काही ऐकलेलंच नसतं, त्यामुळे स्वतःच्या नाकावर भरवसा ठेवण्यावाचून इलाज नसतो. शिवाय तिथे बरंच काम अजून जुन्या पद्धतीने चालतं: बार्ली गरम पाण्यात भिजवून तिची साखर काढायचा उघड्या तोंडाचा बिडाचा हौद (मॅश टन), तीन दिवसांहून जास्त वेळ आंबवण, आणि संथ चालवलेल्या चार स्टिल, दोन पहिल्या फेरीला आणि दोन दुसऱ्या फेरीला. त्यामुळे त्यांच्या मालाला स्वतःची अशी ठळक ओळख आहे. ओळखच नसेल तर तुलना करून हाती काही लागत नाही.

मग नेमक्या कोणत्या बाटल्या घ्यायच्या?

बारा वर्षांची, व्हर्जिन ओक आणि अठरा वर्षांची.

बारा वर्षांची मुरते बर्बनच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मक्याच्या व्हिस्कीच्या, जुन्या पिंपांत. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे बर्बनला नवं, आतून जाळलेलं ओकचं पिंप लागतं, म्हणून एकदा वापरलेली पिंपं तिकडून स्कॉटलंडला येतात. पहिली धार बर्बनने काढून घेतलेली असते, त्यामुळे लाकूड मवाळपणे बोलतं आणि डिस्टिलरीचा माल नीट दिसतो. हा तुमचा पायाचा ग्लास.

व्हर्जिन ओकवर वय लिहिलेलं नसतं. आधी बर्बनच्या पिंपात आणि शेवटी काही काळ कोऱ्या ओकच्या पिंपात ठेवलेली असते. कोऱ्या लाकडाचं काम कसं दिसतं ते हिच्यात उघड कळतं: व्हॅनिला, ओलं खोबरं, नव्या फर्निचरच्या दुकानात शिरल्यावर येतो तो वास, आणि शेवटी मिरीसारखा किंचित चटका. तिघींत स्वस्तही हीच.

अठरा वर्षांची महाग आहे. तीही मुख्यतः बर्बनच्याच पिंपांतली, त्यामुळे बाराच्या शेजारी ठेवली की जवळपास फक्त काळाचा परिणाम दिसतो. गटाने मिळून एक आणावी, एकट्याने सुरुवातीलाच त्यात पैसे घालू नयेत.

तिघींची ताकद सारखी, ४६.३ टक्के. तिघींतही वरून रंग घातलेला नसतो आणि गार करून गाळलेली नसते. तुलनेसाठी हे फार सोयीचं आहे. ताकद वेगळी असली की जी जास्त तिखट लागते तिलाच लोक दमदार म्हणून मोकळे होतात.

जास्त वर्षांची म्हणजे जास्त चांगली ना?

नाही. बाटलीवरचं वय म्हणजे आतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचं वय, एवढीच हमी त्यात असते. जास्त काळ लाकडात राहिली की बार्लीचा ताजेपणा मागे हटतो. आमच्याकडे अठरापेक्षा बारा आवडणारे बरेच निघतात आणि मीही त्यांच्यातलाच.

डीनस्टनला मेणाचा वास येतो म्हणतात. मला तर दारूचाच येतो. कसा ओळखायचा?

मेण दोन जागी सापडतं, नाकात आणि जिभेवर. नाकात ते विझलेल्या मेणबत्तीसारखं किंवा मध काढून घेतल्यावर उरलेल्या पोळ्यासारखं येतं. जिभेवर ते वास म्हणून येतच नाही, स्पर्श म्हणून येतं: घोट गिळल्यावर ओठांच्या आतल्या बाजूला आणि टाळूला एक पातळ थर बसल्यासारखं वाटतं, सफरचंदाची चकचकीत साल चावल्यावर वाटतं तसं. लांब आंबवण आणि संथ ऊर्ध्वपातन यांतून हा गुण येतो. तिन्ही बाटल्यांत तो कमी-अधिक सापडतो, म्हणजे हीच डिस्टिलरीची सही.

सुरुवातीला दारूचाच वास येतो, कारण आपण ग्लासात नाक खुपसून जोरात श्वास ओढतो. अल्कोहोलने नाक बधिर होतं आणि पुढचं काही कळत नाही. ग्लास हनुवटीच्या खाली धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि नेहमीसारखा श्वास घ्या. मग हळूहळू वर आणा. ओतल्यावर ग्लास दहा मिनिटं तसाच ठेवला तर आणखी बरं.

दुसरं असं, की वासाची आठवण आधी जमवावी लागते. त्यासाठी आपल्याएवढी सोय फार थोड्या ठिकाणी असेल. हंगामात करवीर, पन्हाळा, कागल, कुठल्याही तालुक्यातल्या गुऱ्हाळावर एक सकाळ घालवा. काहिलीत रस नुकता तापायला लागतो तेव्हा कच्च्या उसाचा, हिरवट, गवतासारखा वास असतो. भेंडीच्या झाडाचा चिकट रस टाकून उसाच्या रसातला मळ वर आणतात आणि काढून टाकतात, तेव्हा तो हिरवेपणा उतरतो. मग काकवीच्या टप्प्याला वास गोड आणि जड होतो, आणि गूळ वाफ्यात ओतायच्या थोडं आधी त्यात भाजल्याची, किंचित कडवट कड येते. रस तोच, पण वास चार. तरुण मॉल्टमधला गवताळ वास, बारा वर्षांचीतला मध, व्हर्जिन ओकमधली काकवी आणि अठरा वर्षांचीतली ती भाजकी कड ओळखायला यापेक्षा चांगली शाळा मला माहीत नाही. परदेशी माणसांनी लिहिलेली टिपणं वाचून टॉफी आणि हेदर (तिकडच्या माळावरचं फुलझाड) शोधत बसू नका. आपल्या नाकाने जे आधी साठवलंय तेच त्याला ग्लासात सापडतं.

घरात करून बघण्यासारखं: एका वाटीत मेणबत्तीचा तुकडा, दुसरीत मध, तिसरीत कोरडं भाजलेलं सातूचं पीठ, चौथीत वेलची केळ्याची फोड. डोळे मिटून एकेक हुंगा आणि मग बारा वर्षांचीकडे या.

ग्लास कोणता आणि ओतायचं किती?

पोट फुगीर आणि तोंड निमुळतं असा छोटा काचेचा ग्लास. ग्लेनकेर्न नावाने मिळणारा उत्तम. सगळ्यांसाठी सारखेच ग्लास हवेत, ही अट मात्र पाळा. प्रत्येक ग्लासात १५ मिली. औषधाच्या बाटलीवरचं मापाचं झाकण स्वच्छ धुऊन वापरलं तरी चालतं. ७०० मिलीच्या एका बाटलीत असे ४६ ग्लास होतात.

पाणी घातलं तर जात बाटते का? आणि बर्फ?

पाणी जरूर घाला, पण आधी पाण्याशिवाय चाखून झाल्यावर, आणि मोजून. १५ मिलीत अर्धा चहाचा चमचा पाणी घातलं की ४६.३ ची ताकद ४० च्या आसपास येते; पूर्ण चमचा घातला तर ३५ च्या आसपास. या दोन थांब्यांवर तिन्ही ग्लास पुन्हा हुंगा. बारा वर्षांची अर्ध्या चमच्यावर सगळ्यात जास्त खुलते असा आमचा अनुभव आहे. व्हर्जिन ओकला पूर्ण चमचा झाला की लाकूड कडवट होतं.

पाण्याने वास का खुलतो, यावर २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या संशोधकांनी संगणकावर मांडणी करून अभ्यास केला. ग्वायाकॉल हा वासाचा रेणू जास्त ताकदीच्या द्रवात आत दडून बसतो आणि पाणी घातल्यावर पृष्ठभागाकडे येतो, असं त्यात दिसलं. पृष्ठभागावर आला की नाकाला मिळतो.

पाणी नळाचं थेट वापरू नका, क्लोरीन नाकाला लगेच लागतं. गाळून, उकळून गार केलेलं किंवा साधं बाटलीतलं चालेल, पण खोलीच्या तापमानाचं. बर्फ तुलनेच्या वेळी नको, थंडीने वास मिटतो. तुलना संपल्यावर ज्याला जशी आवडते तशी त्याने प्यावी, सोड्यातसुद्धा. त्यावरून कुणाला हिणवायचं नाही, हा आमच्याकडचा पक्का नियम आहे.

पाणी घातल्यावर गढूळ झाली. भेसळ तर नाही?

नाही, उलट हे चांगलं लक्षण. व्हिस्कीत तेलकट स्वभावाचे काही घटक असतात. ताकद ४६ च्या खाली गेली किंवा गारवा वाढला की ते विरघळलेले राहत नाहीत आणि धुकं धरल्यासारखं दिसतं. बऱ्याच कंपन्या ग्राहक घाबरू नये म्हणून व्हिस्की शून्य अंशाच्या आसपास गार करून गाळतात आणि ते घटक काढून टाकतात. डीनस्टन तसं करत नाही, म्हणूनच त्यांनी ताकदही ४६ च्या थोडी वर ठेवली आहे. जिभेवर बसणारा तो मेणाचा थर याच घटकांशी जोडलेला आहे.

बैठकीची तयारी काय करायची?

जेवणाच्या आधी बसा. तांबडा-पांढरा नंतर. रश्शातल्या मिरचीने जीभ पेटली की तासभर तरी बारीक फरक कळत नाहीत, आणि सकाळी झणझणीत मिसळ झाली असेल तर संध्याकाळपर्यंत थांबलेलं बरं. स्वयंपाकघरात फोडणी चालू असेल तर दार लावून घ्या. उदबत्ती, अत्तर, गजरा, डिओ, हे सगळं त्या दिवशी बाहेर. तंबाखू, पान, मशेरी घेतलेल्या माणसाला आग्रह करून बसवू नका, त्यालाही काही मिळत नाही आणि शेजारच्यालाही.

दोन ग्लासांच्या मध्ये कोमट पाणी आणि ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा. नाक थकलं की स्वतःच्या दंडाचा वास घ्या, नाक पुन्हा जागेवर येतं. खारे दाणे, चिवडा, फरसाण नको. तुलना झाल्यावर मात्र व्हर्जिन ओकबरोबर सेंद्रिय गुळाचा छोटा खडा आणि सुकं खोबरं जरूर घेऊन बघा.

फरक खरंच कळतोय की मनाचे खेळ, हे कसं ठरवायचं?

तीन ग्लासांची चाचणी करा. एकाने आत जाऊन दोन ग्लासांत एक व्हिस्की आणि तिसऱ्यात दुसरी ओतायची, ग्लासाच्या तळाला चिकटपट्टी लावून खुणा करायच्या आणि जागा बदलून बाहेर आणायच्या. बाकीच्यांनी एकच सांगायचं: वेगळा कोणता? खाद्यपदार्थांच्या उद्योगात ही पद्धत रोज वापरतात. नुसता अंदाज मारून बरोबर येण्याची शक्यता तीनात एक. पाच जण बसले आणि पाचही जणांचं बरोबर आलं, तर नशिबाने तसं होण्याची शक्यता २४३ मध्ये एक, म्हणजे फरक खरा आहे असं बिनधास्त म्हणा.

बारा आणि व्हर्जिन ओक ओळखणं सोपं जातं. बारा आणि अठरा यांत चांगले चांगले अडखळतात. रंगावरून कळू नये म्हणून दिवा मंद करा किंवा ग्लासांना बाहेरून कागद गुंडाळा. बोलायचं सगळ्यांनी लिहून झाल्यावर. पहिल्याने मोठ्याने केळं म्हटलं की पुढच्या चौघांना केळंच लागतं.

टिपणात काय लिहू?

तीन ओळी पुरे. नाकात काय आलं, जिभेवर काय झालं, गिळल्यावर किती वेळ आणि काय राहिलं. आकड्यात गुण देऊ नका. दोन ग्लासांची थेट तुलना लिहा: कोणती जास्त मऊ, कुणाचं लाकूड पुढे, कोणती लवकर विरते.

धुराचा वासच नाही. मग स्कॉच कसली?

धूर येतो तो पीट जाळून बार्ली वाळवली तर. पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतकं साठलेल्या वनस्पतींचं इंधन. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या बऱ्याच व्हिस्क्यांत हा धूर असतो. डीनस्टनच्या या बाटल्यांत नाही आणि स्कॉटलंडमधल्या बहुतेक मॉल्टमध्येही तो नसतोच.

भारतीय सिंगल मॉल्टशी ताडून बघितली तर?

जरूर बघा, पण पहिली बैठक झाल्यावर. गोव्यातल्या पॉल जॉनची ब्रिलियन्स घ्या. तीही बिनधुराची, बर्बनच्या पिंपातली आणि ४६ टक्क्यांची, म्हणजे बाराच्या शेजारी ठेवायला अगदी योग्य. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के माल उडून जातो, गोव्याच्या उष्णतेत त्याच्या कितीतरी पट. म्हणून आपल्याकडे थोड्या वर्षांत लाकूड खूप काही देऊन टाकतं. ब्रिलियन्समध्ये मध आणि मसाला पटकन पुढे येतात, डीनस्टन सावकाश उलगडते. बार्लीही वेगळी, आपली सहा ओळींची. बंगळुरूच्या अमृतने २००४ मध्ये ग्लासगोत जाऊन आपली सिंगल मॉल्ट विकायला सुरुवात केली, तेव्हापासून भारतीय मॉल्टला जगात मान मिळत गेला. त्याचा मला अभिमान आहे.

बाटली मिळणार कुठे? येताना गोव्यातून आणली तर?

डीनस्टन कोल्हापुरातल्या दुकानांत सहसा दिसत नाही. आमच्याकडच्या बहुतेक बाटल्या परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांनी विमानतळावरच्या ड्युटी-फ्रीमधून आणलेल्या आहेत. एका प्रवाशाला दोन लिटरपर्यंत सूट असते. महाराष्ट्राने २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० वर आणलं, त्यानंतर मोठ्या शहरांत निवड वाढली. जुलै २०२५ मध्ये भारत आणि ब्रिटनमध्ये झालेल्या व्यापार करारात स्कॉचवरची १५० टक्के आयात ड्युटी आधी ७५ वर आणि दहाव्या वर्षापर्यंत ४० वर आणायचं ठरलं आहे.

गोव्याचं मात्र स्पष्ट सांगतो: आणू नका. फक्त गोव्यात विक्रीसाठी असलेली दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. आंबोली असो, फोंडा असो की गगनबावडा, वाटेत उत्पादन शुल्काची पथकं असतात. गोव्यात गेलात की तिथेच चाखा.

दारू प्यायला परवाना खरंच लागतो का?

लागतो. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे. व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण हवं. परवाना एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. आजीवन काढून ठेवा आणि विषय संपवा.

एका बैठकीत किती?

चार ग्लास, त्यापुढे नाही. १५ मिलीत साधारण साडेपाच ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, चारांत सुमारे २२ ग्रॅम. १५ मिली म्हणजे किरकोळ, असं समजून लोक मोजणं सोडतात, म्हणून आकडा दिला. गाडी चालवणाऱ्याने चाखूच नये. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम आहे आणि ती पटकन ओलांडली जाते. हुंगून, जिभेवर फिरवून थुंकायला भांडं ठेवा. जगभरचे व्यावसायिक चाखणारे थुंकतातच. गरोदर बाई, झोपेच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असलेला माणूस, सोडायच्या प्रयत्नात असलेला माणूस, यांना गमतीनेही आग्रह करायचा नाही. ज्याला प्यायची नाही त्याला ओतायचं आणि खुणा करायचं काम द्या. तीन ग्लासांच्या चाचणीत असा एक माणूस लागतोच.

उघडलेली बाटली किती दिवस टिकते?

खराब होत नाही, पण बदलते. अर्ध्याच्या वर भरलेली असेल तर वर्षभर चांगली राहते. त्याखाली गेली की आतली हवा वाढते आणि आधी फळांचा वास मावळतो. तेव्हा ती लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवा. बाटली उभी ठेवायची, आडवी नाही, नाहीतर अल्कोहोल बूच खातं. जागा कपाटातली, अंधाराची. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत नको. लहान बाटलीवर नाव, ताकद आणि उघडल्याची तारीख लगेच लिहून चिकटवा. बारा आणि अठरा दोघींचा रंग इतका जवळचा आहे की चिठ्ठीवाचून कोणती कुठली ते ओळखायला पुन्हा तीन ग्लास मांडावे लागतात.